सरळ वाटेनं

सुकमती अडखळली आणि उखाण्याची पुढची ओळ ऋतुजाच्या तोंडून आपोआप निघून गेली. तसं घडायचं काही कारण नव्हतं. कोर्टामागच्या मोफत कायदेशीर मदत केंद्राच्या त्या खोलीत दुपारचा पंखा गरम हवा इकडची तिकडं ढकलत होता, खाली टायपिंगवाल्यांच्या टेबलांपाशी कुणीतरी चहावाल्याशी हुज्जत घालत होतं, आणि ऋतुजा तिच्या कामाच्या आवाजात, म्हणजे सावध, मऊ आणि जरा वरच्या पट्टीतल्या आवाजात, विचारत होती की मावशीच्या घरी तुला काय काय शिकवलं. समोरची बाई छत्तीसगडची. दलालानं कामाच्या नावाखाली आणलेली, अक्कलकोटच्या पलीकडं कुठल्याशा घरात मावशी म्हणवणाऱ्या एका बाईकडं ठेवलेली, आणि तिथून सांगोल्याकडच्या वस्तीवर लग्न लावून दिलेली. डाळिंबाच्या बागेत आणि शेरडांमागं राबून, मार खाऊन, शेवटी एक दिवस पाण्याचा टँकर रिकामा होऊन निघाला तेव्हा ती त्याच्या केबिनमध्ये चढून बसली होती आणि ड्रायव्हरनं उतर म्हटलं तरी उतरली नव्हती. एवढं पोलिसांच्या कागदांवर होतं. तिच्या स्वतःच्या तोंडून मात्र आधीच्या भेटींत काहीच आलं नव्हतं. विचारलं की ती टेबलावरच्या काचेखालच्या देवाच्या फोटोकडं बघत बसायची. आज ‘शिकवलं’ या शब्दावर तिनं मान वर केली. भाकरी शिकवली, म्हणाली. डोक्यावर पदर शिकवला. आणि एक गाणं शिकवलं, नवऱ्याचं नाव घालून म्हणायचं. “हळदीच्या वाफ्याला पाणी आलं पाटानं,” ती शाळेतल्या पोरीसारखी छताकडं बघत म्हणाली, आणि थांबली.

“अभिमन्यूरावांचं नाव घेते, आले सरळ वाटेनं,” ऋतुजा म्हणाली.

सुकमतीनं छतावरची नजर हळूहळू खाली आणली. इतके दिवस त्या नजरेत काहीच नव्हतं, रिकाम्या पातेल्याचा तळ असतो तशी होती. आता तिच्यात कुणीतरी येऊन उभं राहिलं.

“तुमालाबी मावशीनंच आणलं व्हय, ताई?”

नाही म्हणायला वेळ होता. हे ऋतुजाला नंतर फार नेमकं आठवत राहिलं, की वेळ होता, घशात शब्दही होता. पण सुकमतीनं तोवर खुर्ची पुढं ओढली होती आणि टेबलाच्या ज्या कडेवर फक्त फायली असतात त्या कडेवर दोन्ही कोपरं टेकली होती. “आन् अभिमन्यूराव तुमचा मालक?” तिनं विचारलं, नळावर बायका विचारतात तसं. “मारतो काय?”

“नाही,” ऋतुजा म्हणाली. ते खरं होतं. अभिमन्यू म्हणजे तिचा दादा, आणि दादा वहिनीला मारत नव्हता. तोंडातून बाहेर पडल्यावरच तिच्या लक्षात आलं की आपण फक्त शेवटच्या प्रश्नाला नाही म्हटलंय.

मग सुकमती बोलली. सांगोल्याच्या वस्तीवर शिकलेली मराठी आणि घरची हिंदी एकमेकींत कालवून, न थांबता बोलली. मावशीच्या घराला निळं दार होतं, परसात शेवग्याचं झाड होतं. घरात कायम दोनतीन पोरी असायच्या, एक गेली की दुसरी यायची. तांदूळ खाणाऱ्या पोरी, त्यांच्या हाताला ज्वारीचं पीठ ठरेना. भाकरी फाटली की मावशी पिठाच्या हातानंच मारायची, मग गालावर पांढरी बोटं उठायची आणि बाकीच्या पोरी हसायच्या. “म्या बी हसली,” सुकमती म्हणाली. गाणं पाठ होईतो जेवण नाही. एकीनं विचारलं की भाकरी ठीक, पण हे कशाला. “तवा मावशी म्हन्ली, लग्नात सगळे म्हनत्यात, लडकी कहाँ की है, माँ-बाप किधर है. तू ह्ये म्हन्लं की लोक टाळ्या वाजवत्यात. टाळ्या वाजल्या की मंग कुनी काय इचारत न्हाय.” मग जरा लाजून तिनं विचारलं की त्या गाण्याचा अर्थ काय हाय, म्हणायला शिकवलं, अर्थ कुणी सांगितला नाही. ऋतुजानं सांगितला. हळदीच्या रानाला पाटाचं पाणी येतं ना, तशी मी नवऱ्याच्या घरी आले. सरळ वाटेनं आले. सुकमतीनं तोंडावर हात धरला, तिचे खांदे हलले, आणि ती हसतेय हे कळायला ऋतुजाला थोडा वेळ लागला.

“उद्या जजबाईंपुढं म्या सगळं सांगते,” जाताना ती म्हणाली. महिला कॉन्स्टेबल तिला आधारगृहात न्यायला दारात उभी होती. “तुमीबी सांगा की, ताई. दोगी सांगू. येकटीचं कोन ऐकतंय?”

हेच थोड्या वेळानं ईश्वरप्पा सरही म्हणाले, फक्त वकिली भाषेत. केंद्र त्यांनी सुरू केलेलं. पांढऱ्या मिश्या, तंबाखूनं रंगलेले दात, आणि उभ्या हयातीत कधी पूर्ण हरल्यासारखा किंवा पूर्ण जिंकल्यासारखा न वाटलेला चेहरा. उखाण्याचं ऐकून त्यांनी खुर्चीत मागं रेलून टाळी वाजवली. “अगं, काय बाई आहे! प्रत्येकीला एकच उखाणा. आळशीपणानं अडकणार बघ ती. पण एकीनं म्हटला तर वकील म्हणणार, पढवलंय. दुसरी बाई शोध ऋतुजा, दुसऱ्या गावातली, हिला कधी न भेटलेली. तिनं तोच म्हटला की मग बघू कोणता दलाल सुटतो ते.” ऋतुजा म्हणाली, शोधते सर. आणि संध्याकाळच्या गाडीनं केमला, घरी निघाली.

खिडकीतून माढ्याकडची उसाची रानं मागं जात होती आणि तिच्या डोक्यात दादाचं लग्न पुढं येत होतं. लग्न कसलं, घरापुढं मांडव, गावातली चार माणसं आणि करमाळ्याहून आणलेलं कॅटरिंग. मुलीकडचं म्हणून फक्त शिवशरण नावाचा एक मध्यस्थ आणि त्याच्यामागं उभी असलेली, हिरव्या काठाची साडी नेसलेली एक जाड बाई. आबा म्हणाले होते, मुलगी लांबची आहे, ओडिशाची, माहेरची परिस्थिती नाही, येणार कुठून. ऋतुजा तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. माणसांच्या तस्करीचं कलम तिला तोंडपाठ होतं. अंतरपाटाआड ती काळीसावळी, घाबरून ताठ झालेली मुलगी बघून तिच्या मनात एक प्रश्न येऊन गेलाही होता, पण डास कानाशी येऊन जातो तसा. मग दादानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘अमृता’ लिहिलं, नवरीचं नवं नाव. आणि नाव घ्या, नाव घ्या, असा गलका झाला. नवरीनं खालमानेनं तो उखाणा म्हटला. मोडक्यातोडक्या उच्चारात पण एकही शब्द न चुकता. सगळे थक्क झाले. ओडिशाची पोरगी आणि मराठी उखाणा! सगळ्यात जोरात टाळ्या ऋतुजाच्या होत्या. त्याआधी तिनं तो फोनवर टिपला होता, आणि घरच्या ग्रुपवर टाकताना खाली बदाम टाकला होता. कुणीतरी चेष्टेनं म्हणालंही होतं, केममध्ये हळदीचा वाफा दाखव म्हणावं. खरंच होतं. गावात कुंकवाचे कारखाने, पण हळद सगळी बाहेरून येते. बीएस्सीला असताना ऋतुजानं तो प्रयोग स्वतः केला होता: हळदीत अल्कली पडली की ती लाल होते. मग तिला कुणी हळद म्हणत नाही. सवाष्णींनी कपाळाला लावायची वस्तू होते ती, तिचं नाव बदलतं, डबी बदलते. प्रयोगशाळेत आम्लाचा एक थेंब टाकला की ती परत पिवळी झाली होती, आणि सरांनी म्हटलं होतं, बघा, आत काही बदललेलं नसतं. 

स्टेशनवर दादा गाडी घेऊन आला होता. टाकीवर पुढं त्याची लेक, परी, केस तेलानं चप्प बसवलेली. “आत्या आली,” त्यानं लेकीला सांगितलं, “आत्या वकील हाय, चोरांना पकडती.” दादा चांगला माणूस होता. वहिनीला तो चिडून बोललेलाही ऋतुजानं ऐकला नव्हता. बाजाराहून येताना तिच्यासाठी भजी आणायचा, ती गरम राहावीत म्हणून शर्टाच्या आत धरून. गाडीवर त्याच्या पाठीमागं बसून ती त्या पाठीकडं बघत राहिली. कामावर तिनं आरोपींच्या पाठी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या अशाच असतात, घामानं शर्ट चिकटलेल्या.

वहिनी चुलीपुढं होती. गॅस होता, पण भाकरीला चूल लागते असं आईचं म्हणणं. ऋतुजा उंबऱ्यावर बसली आणि परातीतल्या थापांचा आवाज ऐकत राहिली. वहिनीच्या हाताखाली भाकरी गरागरा फिरत मोठी होत होती, कुठं फाटत नव्हती.

“वहिनी, लग्नात तू नाव घेतलंस ना, ते तुला कुणी शिकवलं?”

थापा थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या.

“मावशीनं.”

“निळं दार होतं का त्या घराला?”

वहिनीनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “तुमाला ठाव हाय व्हय, वन्सं?”

“आज कळलं.”

“आज,” वहिनी म्हणाली. तिचं मराठी आता पक्कं केमचं झालं होतं, फक्त कधीकधी एखाद्या शब्दाचा शेवट गोल व्हायचा. “तवा तुमी लई टाळ्या वाजवल्या की. फोनमदीबी धरलं.” आवाजात राग नव्हता. पाऊस कुठून आला होता ते सांगावं तसं सांगितलं. ऋतुजाला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं.

“तुझं आधीचं नाव काय?” तिनं विचारलं, आणि इतक्या वर्षांत हे आपण कधीच विचारलं नाही हे विचारतानाच तिला कळलं.

“झुनू.” मग, तव्याकडं बघत: “माझी धाकटी बहीण व्हती संगं. तिची जीभच वळायची न्हाय. तिला उखाणा येईना, म्हणून मावशीनं तिला मागं ठेवली आन् मला आदी लावून दिली. म्हन्ली, तुजं नीट झालं की तिचंबी बगू. मंग फोन लागंना. ती कुटं गेली त्ये त्या मावशीलाच ठाव.”

“अगं, मग तू घरात सांगितलं का नाहीस?”

“आत्याबाईंना सांगितलं की. पैल्याच दिवाळीला.”

आई परसात शेरडांना पाला टाकत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं, पाला टाकायचं न थांबवता. “व्हय, सांगितलं व्हतं. मंग काय करायचं व्हतं? परत पाठवायची व्हती? पोटात परी व्हती तिच्या.”

“आई, हा गुन्हा आहे. मी हेच काम करते. तिची बहीण...”

“मोठी आली गुन्हेवाली!” आई वळली. “आमी काय पळवून आणली व्हय? मांडव घातला, गावाला जेवण घातलं. तुझ्या दादाच्या वयाची पोरं बग गावात. मारुतीच्या पारावर बसूनशान म्हातारी व्हाया लागली. किती पोरी बगितल्या, इचार आबांना. समद्या म्हणायच्या, पुण्याचा पायजे, नोकरीचा पायजे. आन् तू काय येगळं म्हणलीस? जेऊरचं ते स्थळ वंगाळ व्हतं? विहीर, बागायत, पोरगा निर्व्यसनी. शेतकरी नको गं बाय मला, म्हणलीस. माज्यासमोर म्हणलीस, हितंच. आता तुमी समद्यांनी नको म्हणल्यावर लांबनंच आणाया लागणार की कुणाला तरी!” मग आवाज खाली आणून, जवळ येऊन, जवळजवळ गयावया करत: “तुझ्या दादाचं नाव घेऊ नगंस तितं. पोरगी हाय त्याला.”

ऋतुजाला त्या जेऊरच्या मुलाचा चेहरा आठवेना. हात आठवले; चहाचा कप धरलेले, नखांच्या कडांत माती राहिलेले. त्या मातीकडं बघून तिनं ठरवलं होतं, फार विचार न करता, अंगावरची माशी हाकलावी तसं. ते चूक होतं असंही तिला आता वाटेना. ती नाही म्हणाली, तशा आणखी कितीतरी जणी म्हणाल्या, प्रत्येकीचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर. आणि त्या सगळ्या बरोबर उत्तरांची बेरीज दूर कुठल्यातरी जंगलातल्या घरातून झुनू नावाच्या पोरीला ओढून इथल्या चुलीपुढं बसवते. यात आरोपी कोण, असा प्रश्न परीक्षेत आला असता तर तिनं मुद्देसूद उत्तर लिहिलं असतं. आतून थापांचा आवाज येत होता. तळहात पिठावर पडण्याचा आवाज टाळीपेक्षा फार वेगळा नसतो, हे तिच्या आधी कधी ध्यानात आलं नव्हतं.

सकाळी ती निघायला दारात आली तर वहिनी आधीच तिथं उभी. लग्नातली जांभळी साडी नेसलेली, केस चापूनचोपून बांधलेले, परी कडेवर. तिनं कुणाला विचारलेलं नव्हतं. दादा गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभा होता आणि काहीच न कळल्यासारखा हसत होता, आणि आई आतून बघत होती.

“येऊ नव्हं?” वहिनी म्हणाली. “त्या मावशीपुढं मला हुबं करा. मी इचारते तिला.”

काल ईश्वरप्पा सर म्हणाले होते ती दुसरी बाई ही अशी, पायात चपला घालून तयार उभी होती. शोधावी लागलीच नव्हती. ऋतुजानं दादाकडं पाहिलं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, आणि तिथं वहिनीनं वेगळ्या रंगाचं बटण लावलं होतं. 

“आज नको, वहिनी,” ती म्हणाली, आणि स्वतःचा कामाचा आवाज तिला ऐकू आला, सावध आणि मऊ. “गरज लागली की बोलावून घेते.”

“गरज,” वहिनी म्हणाली. तिनं परीला खाली ठेवलं आणि आत गेली.

मॅजिस्ट्रेटसमोरचा असा जबाब बंद दाराआड होतो. तिथं वकिलाला जागा नसते. ऋतुजा बाहेरच्या बाकावर बसली. आत जाताना सुकमतीनं तिचा दंड दाबला होता, मैत्रिणीचा दाबावा तसा. फोनमध्ये ते लग्न होतं. तिनं ते आवाज बंद करून पाहिलं. नवरीचे ओठ हलतात, मागं हिरव्या काठाची जाड बाईही अस्पष्टपणे ओठ हलवत असते, बालवाडीच्या स्नेहसंमेलनात बाई पडद्याआडून म्हणतात तशी, आणि मग सगळ्या चौकटीत हातच हात. तिनं फोन पालथा ठेवला. आज संध्याकाळी सरांना सांगू, असं तिनं ठरवलं. मग दादाला आधी सांगू, मग सरांना. मग तिनं ठरवलं की आधी सुकमतीचा गैरसमज दूर करायला हवा, ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि या क्रमानं ठरवत असताना दार उघडून शिपाई म्हणाला, “वकील मॅडम, आत बोलावलंय.”

मॅजिस्ट्रेट मॅडम तिच्याहून थोड्याच मोठ्या असतील. दमलेल्या दिसत होत्या. सुकमतीला त्यांनी दुसऱ्या दारानं बाहेर बसवलं होतं. “हे मी नियमाबाहेर विचारतेय,” त्या म्हणाल्या, “पण विचारायला हवं. बाई छान बोलली. तारीख, वार नाही, पण घर, झाड, सगळं सांगते. मात्र तिनं तुमचंही नाव घेतलंय. म्हणते, तुम्हालाही त्याच बाईनं विकलं, तोच उखाणा तुम्हालाही येतो, अर्धा तुम्हीच पूर्ण केलात. नवऱ्याचं नाव अभिमन्यू. मला सांगा, तुम्ही पढवलंत का तिला?”

“नाही, मॅडम.”

“मग हे काय आहे?”

ऋतुजाला त्या खोलीतला एसीचा आवाज ऐकू येत होता. बोलायला इतकंच होतं: माझी वहिनी. दोनच शब्द. ते तिच्या जिभेवर आले, त्यांची चवसुद्धा कळली, पिठासारखी कोरडी. “तिचा गैरसमज झालाय, मॅडम,” ती म्हणाली. “माझं लग्न झालेलं नाही.” हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि खरं बोलल्यावर पाठीला जो ताठपणा येतो तो तिला आलाही.

“पण उखाणा कसा आला तुम्हाला?”

“असले उखाणे सगळीकडं म्हणतात. कुठल्यातरी लग्नात ऐकला असेल.”

“आणि अभिमन्यू कोण?”

“कोणी नाही,” ऋतुजा म्हणाली. “उखाण्यात नाव घालावं लागतं, म्हणून घातलं.”

मॅडमनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. एक अवघड गोष्ट सोपी झाली होती. “मला वाटलंच. बिचाऱ्या काहीही कशालाही जोडतात.” मग त्या स्टेनोकडं वळल्या आणि शांतपणे सांगू लागल्या, की साक्षीदार काही बाबतींत गोंधळलेली दिसते, तिनं सांगितलेला उखाणा सर्वत्र प्रचलित असल्याचं कळतं. स्टेनोची बोटं चालू लागली.

बाहेर जिन्यापाशी सुकमती कॉन्स्टेबलशेजारी बसून शेंगदाणे खात होती. ऋतुजाला बघून ती उठली. टरफलं तिनं मुठीतच धरली होती, कोर्टात सांडू नयेत म्हणून.

“सांगितलं, ताई?”

“सांगितलं.”

सुकमतीचा चेहरा उजळला. तिनं टरफलं कॉन्स्टेबलच्या हातात दिली, ओढणीला हात पुसले, आणि त्या जिन्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या काळ्या कोटांच्या मध्ये उभी राहून, ऋतुजासाठी हलकेच टाळ्या वाजवल्या.